पडत्या बाजारात कोण टिकतं

बाजार पडू लागला, नोकऱ्यांवर गदा येऊ लागली की घराघरांत एक प्रश्न हमखास निघतो: आता असा कोणता धंदा आहे, जो बसणार नाही? उत्तरंही ठरलेली असतात. खाण्याचा धंदा कधी बुडत नाही. औषधाचं दुकान चालतंच. दुरुस्तीवाल्याला मरण नाही. सोन्यावर कर्ज देणारा तर मंदीतच मोठा होतो. ही उत्तरं खोटी नाहीत, पण ती निम्मी आहेत. त्यांवर भरवसा ठेवून अनेकांनी फंडाचे, ग्रॅच्युइटीचे, गावची जमीन विकून आलेले पैसे गाडीत, मेसमध्ये किंवा दुकानाच्या डिपॉझिटमध्ये घातले. उरलेलं निम्मं उत्तर त्यांना फार महाग पडलं. हे पुस्तक त्या उरलेल्या उत्तरासाठी आहे.

माझं म्हणणं आधीच सांगते, म्हणजे पुढची प्रकरणं कोणत्या नजरेने लिहिली आहेत ते वाचकाला कळेल. मंदीत मागणी नाहीशी होत नाही. ती एक पायरी खाली उतरते. हॉटेलात जेवणारा मेस लावतो, मेस लावणारा वडापाववर भागवतो, नवी मोटारसायकल घेणारा जुनीचं इंजिन खोलून घेतो. खालच्या पायरीवर गिऱ्हाईक वाढतं, हे खरं. पण ज्यांचा रोजगार गेला तेही त्याच पायरीवर दुकान मांडायला येतात, आणि पुष्कळदा गिऱ्हाइकांपेक्षा लवकर येतात. त्यामुळे धंदा वाढला तरी धंदेवाला वाढतोच असं नाही. तो टिकेल की नाही हे मालावरून कमी ठरतं. तो कोणाच्या पैशावर उभा आहे, त्याची उधारी कुठे अडकली आहे आणि वाईट महिन्यात त्याच्या पाठीशी कोण आहे, यावरून ते जास्त ठरतं.

याचा पुरावा मुंबईच्या गिरणगावात आहे, म्हणून मी तिथे जरा जास्त वेळ थांबणार आहे. लालबाग, परळ, शिवडी, वरळी, डिलाईल रोड या भागांत कोकणातून आणि घाटावरून आलेले हजारो कामगार एकेकटे राहत. बायकामुलं गावी, मुंबईत चाळीच्या एका खोलीत पाळ्यांप्रमाणे आलटूनपालटून झोपणारे गाववाले, आणि जेवण खानावळीत. ही खानावळ म्हणजे पाटी लावलेलं हॉटेल नव्हे. एखादी बाई आपल्या एका खोलीतच, स्वतःचा संसार सांभाळून, बाहेरच्या कितीतरी माणसांचा स्वयंपाक करायची. दोन वेळचं जेवण, हिशोब महिन्याचा, पैसे पगार झाल्यावर. पहाटे पहिल्या पाळीच्या माणसांसाठी चूल पेटायची आणि रात्रपाळीची माणसं जेवून गेली की विझायची. या बाईला कोणी व्यावसायिक म्हणत नसे, पण गिरण्यांच्या मागावर उभा राहणारा माणूस तिच्या भाकरीवर उभा होता.

वरवर पाहिलं तर मंदीला न जुमानणारा याहून पक्का धंदा दुसरा नाही. माणूस कापड घेणं पुढे ढकलेल, जेवण पुढे ढकलणार नाही. पण पैसा कोणत्या वाटेने येतो ते पाहा. तांदूळ, डाळ, तेल वाण्याकडून उधारीवर. ती उधारी फिटणार कामगाराच्या पगारातून. पगार होणार गिरणी चालू असली तर. गिरणी बंद पडली की वाणी आणि कामगार यांच्यामध्ये सापडणार ती ही बाई. तिने जेवण बंद केलं तर मागची बाकी बुडाली आणि वर्षानुवर्षं घरच्यासारखी जेवणारी माणसं उपाशी. चालू ठेवलं तर वाण्याचं देणं डोक्यावर. १९७० च्या दशकातल्या संपांत नेमकं हेच झालं. बायकांनी कामगारांना जेवू घातलं आणि त्यासाठी स्वतःचे दागिने, भांडी गहाण टाकली. संपाच्या इतिहासात युनियनची आणि पुढाऱ्यांची नावं असतात. ते संप जितके दिवस तगले, तितके दिवस त्यांचं भांडवल या बायकांच्या डब्यांतून येत होतं, हे फार थोड्यांनी लिहून ठेवलं.

ज्यांनी हे पाहिलं आणि त्यावर काही केलं, त्यांत प्रेमाताई पुरव यांचं नाव पहिलं. गोवा मुक्तिलढ्यातून आलेल्या आणि मुंबईत कामगारांमध्ये काम करणाऱ्या प्रेमाताईंनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. बँकांचं राष्ट्रीयीकरण १९६९ मध्ये झालं होतं, आणि गरिबांना कर्ज द्यायचं धोरण कागदावर आलं होतं. ते कागदावरून चाळीत आणायचं काम मंडळाने केलं. खानावळवाल्यांचे गट करायचे, गटाने एकमेकींची हमी घ्यायची आणि सावकाराऐवजी बँकेकडून खेळतं भांडवल मिळवायचं. स्वयंपाक तोच, खोली तीच, गिऱ्हाईकही तेच. बदललं ते फक्त पैशाचं मूळ. सावकाराच्या व्याजात जाणारा महिन्याचा नफा त्या बाईच्या हातात राहू लागला. प्रेमाताईंना २००२ मध्ये पद्मश्री मिळाली. या बायकांच्या दारात बँक पोचवली हे मात्र माझ्या लेखी त्याहून मोठं.

मग १९८२ आलं. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. या वेळी उधारी थकली एवढंच झालं नाही, जेवणारा माणूसच मुंबईतून गेला. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, सांगली, कोल्हापूरच्या गावांकडे माणसं परतली, त्यांतली बरीच कायमची. खाण्याचा धंदा बुडत नाही, या समजाला याहून मोठं उत्तर नाही. ज्या बायकांच्या पाठीशी संघटना होती, त्या एकत्र येऊन डबे, कॅन्टीन, समारंभाच्या ऑर्डरी अशा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळू शकल्या. ज्या एकेकट्या होत्या, त्यांच्यासाठी वाण्याची वही तेवढी उरली.

त्याच संपात भरभराट कोणाची झाली, हेही पाहिलं पाहिजे. कापडाची गरज काही संपावर गेली नव्हती. ती भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे गेली. मुंबईतल्या काही गिरण्याच यंत्रमागांवर कापड विणून घेऊन त्यावर आपला छाप मारत होत्या. यंत्रमाग आधीही होते, पण संपाने त्यांना जी उभारी दिली तिने कापडधंद्याचं रूप पालटलं. हा मंदीत चालणारा धंदाच होता. फक्त गिरणीत आठ तासांची पाळी, भविष्यनिर्वाह निधी, कामगार विमा असं जे होतं, ते मागाच्या शेडमध्ये नव्हतं. तिथे बारा तासांची पाळी होती. कापड स्वस्त झालं, कारण ते विणणाऱ्याचं आयुष्य स्वस्त झालं. मंदीतल्या यशोगाथा वाचताना हा दुसरा हिशोब मला विसरता येत नाही, आणि वाचकानेही तो विसरू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

खुद्द कामगारांचं काय झालं? कोणी वडापावची गाडी टाकली, कोणी भाजी विकली, कोणी रिक्षा चालवली, कोणी इमारतींच्या फाटकावर वॉचमन म्हणून उभा राहिला. सगळे त्याच खालच्या पायरीवरचे धंदे. वडापाव मुंबईभर पसरला, सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या एजन्सी वाढल्या, आणि कुशल विणकर मात्र आधीच्या पगाराच्या कितीतरी खाली येऊन स्थिरावला. पुढे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांनी गिरण्यांच्या जमिनी विकसित करण्याची वाट उघडली आणि लोअर परळला मॉल आणि मनोरे आले. गिरणगावच्या पडझडीतला सगळ्यांत मोठा धंदा शेवटी जमिनीचा ठरला, आणि त्यात उतरायला लागणारी पत गिरणगावात कोणाकडेच नव्हती.

इतकं वाचून कोणाला वाटेल की मंदीत सामान्य माणसाने काही नवं करूच नये. तसं मी म्हणत नाही, आणि इतिहासही तसं म्हणत नाही. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत आपल्याकडे शेतमालाचे भाव निम्म्याच्या आसपास आले. त्या काळात महाराष्ट्रात जे उद्योग उभे राहिले, त्यांची हकिकत या पुस्तकात सविस्तर आहे, कारण मला ती धीर देणारी वाटते.

साखरेचं घ्या. १९३२ मध्ये सरकारने परदेशी साखरेपासून देशी उद्योगाला संरक्षण देणारा कायदा केला. तोवर देशभरात तीसेक कारखाने होते. चार-पाच वर्षांत ते शंभराच्या पुढे गेले. कारखाने काढणाऱ्यांत वालचंद हिराचंद यांच्यासारखे मोठे उद्योजक होते, तसेच सासवडकडचे माळी शेतकरीही होते. कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकवायला ते माळशिरस तालुक्यात गेले होते. गुळाला भाव राहिला नाही, तेव्हा त्यांनी आपसांत भांडवल गोळा करून अकलूजजवळ माळीनगरला स्वतःचा कारखाना उभारला. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखाना चालू केला त्याच्या पंधराएक वर्षं आधीची ही गोष्ट. तिच्यात तीन बाबी एकत्र आल्या होत्या: माल पडून होता, सरकारने जकातीची भिंत उभी केली होती, आणि एकट्याने कर्ज काढण्याऐवजी अनेकांनी मिळून पैसा घातला होता. यांतली एक जरी नसती तरी ‘मंदीत साखर चालते’ हे वाक्य लिहायला कोणी उरलं नसतं.

करमणुकीचं उदाहरण याहून गुंतागुंतीचं आहे, आणि मला ते फार जवळचं वाटतं. प्रभात फिल्म कंपनी १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात स्थापन झाली, म्हणजे अमेरिकेतला शेअरबाजार कोसळण्याच्या अवघे काही महिने आधी. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, केशवराव धायबर हे कारागीर-कलावंत आणि भांडवल घालणारे सीतारामपंत कुलकर्णी, असे पाच भागीदार. मार्च १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला आणि भारतीय चित्रपट बोलू लागला. १९३२ मध्ये प्रभातने ‘अयोध्येचा राजा’ काढला, १९३३ मध्ये कंपनी पुण्याला आली, आणि १९३६ चा ‘संत तुकाराम’ मुंबईत एकाच चित्रपटगृहात वर्षाहून जास्त चालला. सगळं मंदीच्या दशकात. खिशात पैसे नव्हते तरी लोक पुढच्या रांगेचं स्वस्त तिकीट काढून दोन-तीन तास बसत होते.

पण त्याच लोकांनी नाटकाचं तिकीट सोडलं होतं. संगीत नाटक मंडळी म्हणजे एक फिरतं गाव असे. नट, वादक, पडदे रंगवणारे, आचारी, सगळ्यांचा बारमाही खर्च, आणि वैभवाची सवय. बोलपट आणि मंदी एकाच वेळी अंगावर आल्यावर एकेक मंडळी बसत गेली. गंधर्व नाटक मंडळीचा डोलारा कर्जाखाली आधीच वाकला होता. १९३५ मध्ये बालगंधर्वांनी प्रभातच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात संत एकनाथांची भूमिका केली. ज्या माणसाच्या एका पदासाठी रात्र रात्र नाट्यगृहं भरत, त्याला पडद्यावर यावं लागलं. करमणूक मंदीत चालते असं सरसकट म्हणणाऱ्याने या दोन कंपन्या शेजारी ठेवून पाहाव्यात. गरज तीच, प्रेक्षक तोच, भाषा तीच. एकीचा खर्च एका रिळात गोठवता येत होता आणि ते रीळ शंभर गावी फिरत होतं. दुसरीला प्रत्येक गावी सगळा संसार हलवावा लागत होता. त्यातही अपवाद होते. बालमोहन नाटक मंडळीने याच काळात अत्र्यांची विनोदी नाटकं आणून प्रेक्षक खेचले.

१९३१ मध्येच मुंबईत दांडेकरांनी घोडा छाप शाईची पूड विकायला सुरुवात केली. त्याच दुकानाची पुढे कॅम्लिन झाली. छोटं भांडवल, शाळेतल्या पोराला परवडेल अशी किंमत, आणि स्वदेशीची हवा. एवढंच इथे नोंदवून पुढे जाते, कारण त्या धंद्याची गोष्ट सुबक आहे आणि पुस्तकात ती आहेच.

आता त्या धंद्याकडे वळू, ज्याच्याविषयी कोणी मोकळेपणाने बोलत नाही. मंदीत सगळ्यांत खात्रीने वाढतो तो पैसे देण्याचा धंदा. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात आपल्या कापसाला न भूतो असा भाव आला; मुंबईत बॅक बे भराव कंपनीचे शेअर आभाळाला भिडले, आणि दख्खनच्या शेतकऱ्याला सावकाराने मागेल तेवढं कर्ज दिलं. युद्ध संपलं, भाव कोसळले, शेअर रद्दी झाले. शेतसारा मात्र वाढला आणि कर्ज तसंच राहिलं. दहा वर्षांत सावकाराच्या नावावर किती जमिनी गेल्या, त्याचं उत्तर १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात उसळलेल्या उठावातून मिळालं. पुणे आणि नगर जिल्ह्यांत गावोगाव पसरलेल्या त्या उठावात शेतकऱ्यांचा रोख मुख्यतः माणसांवर नव्हता, खतांवर आणि रोख्यांवर होता. ते बाहेर काढून जाळले गेले. १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा त्यातूनच आला.

१९३१ मध्ये सावकाराच्या जोडीला सराफ आला. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये ब्रिटनने सुवर्णमान सोडला, रुपया पौंडाला बांधलेला होता, त्यामुळे सोन्याचा रुपयातला भाव चढला. शेतमाल मातीमोल, सारा मात्र रोख भरायचा. खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या पाटल्या आणि वाक्या मोडल्या गेल्या, गावच्या सराफाकडून शहरात आणि तिथून मुंबई बंदरातून कोट्यवधी रुपयांचं सोनं देशाबाहेर गेलं. व्यापाराच्या आकडेवारीत ही ‘निर्यात’ आहे.

सोनं पुन्हा पुढे आलं ते २०२० मध्ये. करोनाच्या टाळेबंदीत एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचं उत्पन्न आधीच्या वर्षाच्या तुलनेत सुमारे २४ टक्क्यांनी घसरलं. ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सोन्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांऐवजी ९० टक्क्यांपर्यंत कर्ज द्यायला मार्च २०२१ पर्यंत मुभा दिली. त्याच महिन्यात दहा ग्रॅमचा भाव ५५ हजारांच्या वर गेला होता. सोने तारण कर्जाच्या शाखांसमोर रांगा लागल्या. पुढच्या मार्चपर्यंत भाव ४५ हजारांच्या आसपास उतरला आणि हप्ते थकलेल्यांच्या दागिन्यांचे लिलाव वाढले. मी या धंद्याला सरसकट वाईट म्हणणार नाही. खासगी सावकार महिन्याला पाच-दहा टक्के घेतो, तिथे रीतसर पावती देणारी, नियमांखाली असलेली शाखा माणसाला वाचवते. दवाखान्याचं बिल भरायला रात्रीत पैसे कुठून आणायचे, याला अनेक घरांत दुसरं उत्तरच नव्हतं. पण अडलेल्याचं ओझं हलकं करून वाढलेला धंदा आणि त्याच्या अडण्यावर वाढलेला धंदा, हे दोन एकाच रकान्यात लिहायला माझा हात धजत नाही. या पुस्तकात ते वेगळे ठेवले आहेत.

महाराष्ट्राच्या मोठ्या भागात मंदी शेअरबाजारातून येतच नाही, ती पावसातून येते, म्हणून दुष्काळाचं प्रकरणही इथे आहे. २०१२-१३ मध्ये मराठवाड्यात आणि नगर-सोलापूरकडे सगळे व्यवहार थंडावले होते, तेव्हा जोरात होते ते टँकरवाले, टँकर बांधून देणारी वर्कशॉप आणि बोअर मारणाऱ्या गाड्या. त्यातल्या कितीतरी गाड्या तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडच्या. पाचशे-सातशे फूट खाली जाऊन धुरळाच निघाला तरी फुटावर मजुरी द्यावीच लागते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. पत्रकार पी. साईनाथ यांनी या तहानेच्या बाजारावर पुष्कळ लिहिलं आहे आणि ते प्रत्येक मराठी वाचकाने वाचायला हवं. या बाजारात गिऱ्हाईक भाव करू शकत नाही, आणि जिथे गिऱ्हाईक भाव करू शकत नाही तिथला नफा पाहून कोणी त्या धंद्याचं कौतुक करू नये.

अलीकडच्या उदाहरणांतलं सगळ्यांत ठळक पार्ले-जीचं. १९२९ मध्ये विलेपार्ल्यात सुरू झालेल्या आणि १९३९ मध्ये बिस्किटाकडे वळलेल्या या कंपनीने टाळेबंदीच्या महिन्यांत विक्रमी विक्री झाल्याचं सांगितलं. पाच रुपयांचा पुडा पायी निघालेल्या मजुराच्या पिशवीत होता आणि मदत वाटणाऱ्या संस्थांच्या ट्रकमध्येही होता. पण वाटण्याइतका माल बाजारात पोचवायला देशभर पसरलेले कारखाने आणि वितरक लागतात. मोठ्या कंपनीला तिच्या पसाऱ्याचा आधार असतो. अमेरिकेतली पुस्तकं मंदीत जाहिरात वाढवणाऱ्या केलॉगचं उदाहरण देतात. २००८ मध्ये डाउ निर्देशांकातल्या तीस कंपन्यांपैकी वॉलमार्ट आणि मॅकडॉनल्ड्स या दोघांचेच शेअर वर्षअखेर वर होते, हेही ती सांगतात. ही उदाहरणं खरी आहेत. शिल्लक गाठीशी असलेल्यांची आहेत, एवढं लक्षात ठेवून वाचावीत.

गाठीशी शिल्लक नसलेल्याचं काय होतं, ते शिवभोजन केंद्रांत दिसतं. २६ जानेवारी २०२० रोजी दहा रुपयांत थाळी देणारी ही योजना सुरू झाली आणि टाळेबंदीत थाळी पाच रुपयांवर आली. सुरुवातीचा शहरातला दर ५० रुपये धरला होता, त्यातले दहा गिऱ्हाइकाचे, चाळीस सरकारचे. गिऱ्हाईक अमाप. अडचण चाळिसांची. पुढच्या वर्षांत अनुदान थकल्याच्या केंद्रचालकांच्या तक्रारी वारंवार येत राहिल्या. म्हणजे जागा गिरणगावातल्या खानावळवालीचीच, फक्त थकवणारा बदलला. १९९५ नंतरच्या एक रुपयाच्या झुणका-भाकर केंद्रांचा अनुभवही फार निराळा नव्हता.

पुण्याच्या पेठांतला स्पर्धा परीक्षांचा बाजार हाही मंदीचाच धंदा आहे, हे आपण नीट मान्य केलेलं नाही. खासगी नोकऱ्या आटल्या की क्लास, अभ्यासिका, कॉट बेसिसवरच्या खोल्या, मेस, झेरॉक्स हे सगळं फुलतं. २०२३ च्या तलाठी भरतीत सुमारे साडेचार हजार जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले. अभ्यासिकेतली खुर्ची महिनेवारीने भाड्याने जाते, आणि ते भाडं गावाकडे सोयाबीन विकून किंवा आईच्या बचतगटातून कर्ज काढून येतं. या मुलामुलींविषयी लिहिताना मला तटस्थ राहता आलं नाही. तसा प्रयत्नही मी केला नाही.

दुरुस्तीचा धंदा मात्र मला मनापासून आवडतो. २०१९ मध्ये वाहन उद्योगात मंदी आली, कारखान्यांनी उत्पादन बंद ठेवण्याचे दिवस जाहीर केले, तेव्हा पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकणच्या छोट्या शेडमधलं जॉबवर्क थांबलं. त्याच वेळी गॅरेजवाल्याकडे जुन्या गाड्या येत राहिल्या. दोघंही लोखंडावर काम करणारे, दोघांचं कौशल्य सारखंच. गॅरेजवाल्याला गाडी नेताना पैसे मिळतात. जॉबवर्कवाल्याला बिल लावून तीन-तीन महिने वाट पाहावी लागते. लघुउद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत असं २००६ चा कायदा सांगतो, आणि २०२४ पासून आयकराच्या नियमांनीही खरेदीदारांवर तसा दाब आणला आहे. शेडमधल्या माणसाला तो दाब वापरता येतो का, याची चर्चा पुस्तकात केली आहे, कारण मोठं गिऱ्हाईक हातचं जाईल या भीतीने तो तक्रारच करत नाही.

प्रकरणांचा क्रम काळानुसार नाही. आधी खाणं, मग कापड, करमणूक, दुरुस्ती, शिक्षण, पाणी, आणि शेवटी कर्ज. औषधांच्या दुकानावर प्रकरण नाही. तो धंदा परवान्याचा आहे आणि त्याचं अर्थकारण वेगळं आहे. शेतीही स्वतंत्र प्रकरण म्हणून नाही, कारण ती जवळपास प्रत्येक पानावर आहे. ज्यांना येत्या दोन-चार महिन्यांत स्वतःचं काही सुरू करायचं आहे, त्यांनी क्रम मोडून आधी कर्जाचं प्रकरण वाचावं, आणि त्यातही उधारीच्या वहीचा भाग. त्यात एका साध्या मेसचा तीन महिन्यांचा नमुना हिशोब मांडला आहे: रोज किती ताटं गेली, किती पैसे रोख आले, किती नावे लागले, वाण्याचं देणं कधी आलं. आपल्या मनातल्या धंद्याचे आकडे त्याच रकान्यांत भरावेत, आणि गिऱ्हाइकाने दोन महिने पैसे दिले नाहीत असं धरून बेरीज पुन्हा करावी.